निदान-अहवाल प्राप्त झाल्यावर सादर करावे

हा शेरा माझ्या हातचा आहे. २०१४ च्या जुलै महिन्यात, पूर्व भारतातील एका राज्याच्या राजधानीत माझी नेमणूक असताना, मी तो एका फाईलवर लिहिला. खाली सही, तारीख, सर्व काही नियमाला धरून. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे हजारो शेरे लिहून झाले असतील. ते आठवत नाहीत. हा मात्र आठवतो. त्याची हकीकत आधी सांगतो, धोरणाची चर्चा त्यानंतर.

आमच्या कार्यालयात एक लेखापाल होते. त्यांची मुलगी आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी, पाढ्यांत वर्गात पहिली. जूनच्या मध्यावर एका रात्री ती झोपलीच नाही. दुसऱ्या दिवशी कारण नसताना हसू लागली, मग तासभर रडली, आईला ओळखेना. दोन-तीन दिवसांत बोलणे तुटक झाले. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागली आणि मग बोलणेच थांबले. घरच्यांनी आधी ओझा बोलावला. आपल्याकडे ‘अंगात आले’ म्हणतात. तिकडे शब्द वेगळा, समजूत तीच. नंतर मनोविकारतज्ज्ञांनी झोपेची औषधे दिली. दुसऱ्या आठवड्यात आकडी आली तेव्हा रुग्णालयात दाखल केले. विषाणूजन्य मेंदूज्वर असावा असे धरून उपचार सुरू झाले. एमआरआयमध्ये काही दिसले नाही. ओठ आणि जीभ मात्र चघळल्यासारखी सतत हलत होती आणि एक हात आपोआप पिळवटत होता.

एकोणिसाव्या दिवशी, दक्षिणेत शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरने ती ओठांची हालचाल पाहिली. त्याने वडिलांना सांगितले की हे वेड नाही आणि बहुधा जंतूही नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटली असावी. पाठीतले पाणी काढून दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठविण्यात आले. अहवालाला दोन आठवडे लागणार होते. स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू झाले, कारण ते स्वस्त असते आणि रुग्णालयात होते. पण डॉक्टरला इम्युनोग्लोब्युलिनही द्यायचे होते. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम. मुलगी बावीस किलोची. म्हणजे चव्वेचाळीस ग्रॅम, पाच ग्रॅमच्या नऊ कुप्या. रुग्णालयात एकही नव्हती. बाजारात मिळत होत्या. एकूण खर्च लाखाच्या घरात जाणारा.

लेखापालांनी वैद्यकीय अग्रिमासाठी अर्ज केला. शाखेने टिपणी तयार केली : निदान निश्चित झालेले नाही, प्रयोगशाळेचा अहवाल प्रतीक्षेत आहे, सदर औषध या कारणासाठी अनुज्ञेय आहे किंवा कसे याचा बोध होत नाही. टिपणीत एकही चूक नव्हती. मी ती वाचली आणि वरचा शेरा लिहिला. फाईल अकरा दिवसांनी अहवालासह परत आली. पाण्यात प्रतिपिंड सापडले होते. मी त्याच दुपारी मंजुरी दिली आणि आपण तत्पर अधिकारी आहोत असे मला वाटल्याचेही आठवते. मधल्या काळात पत्नीचे दागिने गहाण ठेवून त्यांनी चार कुप्या आणल्या होत्या. उरलेल्या पाच मिळेपर्यंत मुलगी व्हेंटिलेटरवर गेली होती.

या आजाराचे नाव लांबलचक आहे : अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. त्याचे वर्णन २००७ साली जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. मेंदूच्या पेशींवर एनएमडीए नावाची ग्राहके असतात. शिकणे आणि स्मरण ठेवणे ही कामे बऱ्याच अंशी त्यांच्यावर चालतात. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती ग्राहके पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढली जातात. दिलासा असा की पेशी लगेच मरत नाहीत. प्रतिपिंडे कमी झाली की ग्राहके परत वर येतात. म्हणून या आजारात मूल पार हाताबाहेर गेलेले दिसत असतानाही परत येऊ शकते. २०१३ साली ५७७ रुग्णांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुलेही पुष्कळ होती. दोन वर्षांच्या अखेरीस दहांपैकी आठ रुग्णांची प्रकृती चांगली झाली होती. चांगला परिणाम कोणाच्या वाट्याला येतो, हेही त्यात दिसले : ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले आणि ज्यांना अतिदक्षता विभागात जावे लागले नाही त्यांच्या. माझ्या शेऱ्याच्या आधी वर्षभर हे छापून झाले होते. अर्थात मी वैद्यकीय नियतकालिके वाचत नसे, आणि वाचणे हे माझे कामही नव्हते. पण वाचणाऱ्याने सांगितल्यावर त्याच्या शब्दावर पैसे सोडावेत की नाही, हे ठरविणे माझे काम होते.

त्या काळी या उपचारांना सर्वमान्य नियमावली नव्हती हे खरे. २०१६ साली ती झाली. देशोदेशींच्या तज्ज्ञांनी निकष ठरवून दिले, आणि त्यांचा गाभा असा की प्रतिपिंडाचा अहवाल हाती येईपर्यंत थांबू नका. लक्षणे, पाठीतले पाणी, मेंदूचा आलेख यांवरून ‘संभाव्य’ म्हणता येत असेल आणि दुसरी कारणे तपासून झाली असतील तर उपचार सुरू करा. २०२० साली मुलांसाठी वेगळे निकष आले. म्हणजे वैद्यकाने मान्य केले की या आजारांत नाव शेवटी कळते आणि वेळ आधी संपते. प्रशासनाने हे अजून मान्य केलेले नाही. आपली प्रत्येक योजना पहिल्या रकान्यात रोगाचे नाव विचारते.

हा एकच आजार असता तर मी हा लेख लिहिला नसता. त्याची भावंडे बरीच आहेत. गियाँ-बारे सिंड्रोममध्ये प्रतिकारशक्ती हातापायांच्या नसांवर हल्ला करते. पायापासून लुळेपणा वर चढतो आणि चार-पाच रुग्णांमागे एकाचा श्वास थकतो. तापानंतर काही दिवसांनी मेंदूतील नसांचे वेष्टण सोलून काढणारा एक दाह लहान मुलांत अधिक आढळतो. मज्जारज्जूचा दाह एका दिवसात मूल अंथरुणाला खिळवतो. डोळ्यांची नस सुजून दृष्टी जाते. अशा काही मुलांमागचे प्रतिपिंड २००४ नंतर ओळखता येऊ लागले. ‘नाचरे डोळे’ म्हणून ओळखला जाणारा एक विकार आहे. मार्सेल किन्सबोर्न यांनी १९६२ साली त्याचे वर्णन केले. त्यात तान्ह्या मुलाचे डोळे सैरावैरा फिरतात, हातपाय झटके देतात, आणि जवळजवळ निम्म्या मुलांच्या पोटात किंवा छातीत एक लहानशी गाठ दडलेली असते. ती शोधली नाही तर उपचार अर्धाच राहतो. रासमुसेन यांनी १९५८ साली वर्णिलेल्या विकारात मेंदूचा एकच अर्धा भाग हळूहळू जळत जातो आणि अखेरीस तो अर्धा भाग उरलेल्या मेंदूपासून शस्त्रक्रियेने तोडावा लागतो. आईबापांना तो निर्णय घ्यावा लागतो.

यातले प्रत्येक नाव दुर्मिळ आहे. पण शेवटचा विकार बाजूला ठेवला तर औषधांची पेटी बहुतांशी एकच आहे : स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तद्रव बदलणे म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज, आणि हे पुरेसे झाले नाही तर रिटुक्सिमॅबसारखी औषधे. मात्रा आणि क्रम बदलतो. कोणाला काय द्यायचे आणि काय मुळीच द्यायचे नाही हे तज्ज्ञाने ठरवायचे. उदाहरणार्थ, गियाँ-बारेमध्ये स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. पण नियोजन करणाऱ्याच्या दृष्टीने मोजायचे माप रोगाचे नाव हे नसून ही पेटी आणि ती वापरू शकणारा चमू हे आहे. नावागणिक मोजले तर प्रत्येक रकान्यात शून्य किंवा एक येतो आणि वित्त विभाग विचारतो, एका मुलासाठी यंत्रणा कशाला? एकत्र मोजले की चित्र बदलते. कॅलिफोर्नियातील मेंदूदाहाच्या प्रकल्पात २०१२ साली असे दिसले की तरुण आणि मुलांमध्ये हा एनएमडीए प्रकार कोणत्याही एका ठरावीक विषाणूपेक्षा जास्त वेळा आढळला होता. आपल्याकडे २००५ च्या गोरखपूरच्या साथीनंतर जपानी मेंदूज्वराची लस आली, ‘तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह’ या नावाखाली नोंदणी सुरू झाली, आणि दरवर्षी त्यातली पुष्कळ मुले ‘कारण अज्ञात’ या रकान्यात जमा होत राहिली. त्या रकान्यात आमच्या लेखापालांच्या मुलीसारखी काही मुले असणार, याबद्दल मला शंका नाही.

या विषयाशी भारतीय राज्ययंत्रणेचा संबंध नवा नाही, आणि ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. १९११ साली कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी रेबीजची लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो कार्बोलिक आम्लाने मारून ती बनवीत. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घेतलेली माणसे माझ्या पिढीतील प्रत्येकाने पाहिली आहेत. या लसीने असंख्य जीव वाचविले. पण तिच्यात मेंढीच्या मेंदूचे अंशही असत, आणि काही जणांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध उठलेली प्रतिक्रिया स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर जाऊन पडे. लस घेतलेले मूल रेबीजपासून वाचे आणि लुळे पडे. पेशीसंवर्धनावर तयार केलेली सुरक्षित लस जगात कित्येक वर्षे उपलब्ध असताना, जुनी लस आपण २००४ च्या अखेरीस बंद केली. उशिराचे कारण खर्च हेच होते. त्या हिशेबात लुळ्या पडलेल्या मुलांचा रकाना नव्हता, कारण त्यांची मोजणी कोणाकडे सोपविलेली नव्हती.

आणि तरीही मोजणी करता येते, हेही याच यंत्रणेने दाखविले आहे. मला प्रशासक म्हणून ज्या कामाचा सर्वाधिक अभिमान वाटतो त्यांत १९९७ साली उभी राहिलेली पोलिओची पाहणी-यंत्रणा फार वर आहे. तिचा नियम साधा होता. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला की कळवा. पोलिओ आहे का, ते विचारू नका; ते नंतर पाहू. खबर देणाऱ्यांत जिल्हा रुग्णालये होती, खाजगी दवाखाने होते, आणि वैदू, मांत्रिक, ज्यांच्याकडे आईबाप आधी जातात ती देवस्थानेही होती. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत. साठ दिवसांनी मुलाच्या घरी जाऊन लुळेपणा उरला आहे का ते पाहायचे. बिहारमधील कोसीच्या पुरात, होडीतून, ही पेटी वेळेवर पोचत असे. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आजारी पडलेली मुलगी ही देशातील शेवटची नैसर्गिक पोलिओची रुग्ण ठरली आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. माझा शेरा त्यानंतर चार महिन्यांनी पडला.

या यंत्रणेत दरवर्षी हजारो मुलांची नोंद होई आणि त्यांना पोलिओ नसे. त्यांच्या लुळेपणाचे एक प्रमुख कारण गियाँ-बारे हे होते. म्हणजे मेंदू-नसांच्या स्वयंप्रतिरोधी आजाराच्या मुलांचा, गावाच्या आणि तारखेच्या नोंदीसह, जगातील बहुधा सर्वांत मोठा शोध आपण घेत होतो. नमुना निकामी निघाला, ‘पोलिओ नाही’ असा शेरा पडला की काम संपले. साठाव्या दिवशी जो कर्मचारी त्या घरी जाई त्याच्याकडे नोंदवही असे. इम्युनोग्लोब्युलिन कोठे मिळेल, व्यायाम कोण शिकवील, हे सांगण्याची त्याला आज्ञा नव्हती. मी त्या कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. त्यांना एक प्रश्न दिला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर आणले. दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारेचे रुग्ण एकदम वाढले. काही आठवड्यांत संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही माणसे दगावली. दूषित पाण्यातून आलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू त्यामागे असल्याचे तपासात दिसले. तेव्हा केंद्राचे पथक आले, घरोघरी पाहणी झाली, मोफत उपचारांची घोषणा झाली. हे योग्यच झाले. मी त्या वेळी दिल्लीत होतो; पुण्यातल्या नातेवाइकांचे फोन येत, पाणी किती वेळ उकळावे म्हणून. पण माझ्या मनात एक हिशेब चालू होता. दोनशे रुग्ण एका रस्त्यावर आले म्हणून दिसले. तेच दोनशे रुग्ण दोनशे तालुक्यांत एकेक आले असते, आणि ते तसे दरवर्षी येतातच, तर कोणतेही पथक निघाले नसते. मुलाच्या नसांना मात्र तो एकटा आहे की दोनशेंपैकी एक, याने काही फरक पडत नाही.

आता योजनांकडे येतो. २०२१ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण जाहीर झाले. ते आणणाऱ्यांनी मोठे काम केले. निवडक संस्थांना उत्कृष्टता केंद्र म्हणून मान्यता मिळाली. त्यांत दिल्लीचे एम्स, चंडीगढचे पीजीआय, लखनौचे संजय गांधी संस्थान, मुंबईचे केईएम आहेत. २०२२ पासून अशा केंद्रात उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी मदतीची मर्यादा पन्नास लाखांपर्यंत नेली गेली. पण या धोरणाचा सांगाडा मुख्यतः आनुवंशिक विकारांच्या अनुभवावर उभा आहे. एकदाच करावयाचा उपचार, आयुष्यभराचा स्वस्त उपचार, आयुष्यभराचा महाग उपचार अशी त्यातली तीन गटांची विभागणी आहे. जन्मापासून असलेल्या आजाराला महिन्याभराने मंजुरी मिळाली तर वाईट आहे, तरी चालते. सहा आठवड्यांत पेटून विझणाऱ्या आजाराला ती पद्धत लावता येत नाही. आगीचा बंब मागविण्यासाठी निविदा काढण्यासारखे ते आहे. २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे आणि राज्याबाहेरही ते वापरता येते. ही दुसरी गोष्ट, आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांनी, घरकाम करणाऱ्या बाईंना आणि इमारतीच्या रखवालदाराला अवश्य सांगावी. मात्र तेथेही पॅकेज नावाने बांधलेले असते आणि पूर्वमंजुरीसाठी कागद नावानेच भरावे लागतात.

माझे शिक्षण अर्थशास्त्राचे. केनेथ ॲरो यांचा १९६३ सालचा वैद्यकीय सेवेवरील निबंध आम्हाला एम.ए.ला होता. आजार अनिश्चित असतो आणि उपचाराच्या गुणवत्तेबद्दल रुग्णाला डॉक्टरपेक्षा फार कमी माहिती असते, म्हणून येथे साधा बाजार अपुरा पडतो, असा त्याचा रोख. विम्याच्या पाठ्यपुस्तकाने आदर्श उदाहरण शोधायचे ठरविले तर या मुलांपेक्षा चांगले मिळणार नाही. घटना क्वचित घडते, कोणाच्या घरी घडेल ते सांगता येत नाही, घडली तर घर बुडते, आणि विमा आहे म्हणून कोणी मुद्दाम मेंदूदाह ओढवून घेत नाही. शिवाय खर्चाला शेवट आहे. माझे सहकारी विचारतात, देशात क्षयरोग आहे, कुपोषण आहे, तुम्ही दुर्मिळांचे काय घेऊन बसलात? कोट्यवधींचे आयुष्यभराचे औषध असेल तर हा प्रश्न खरोखर कठीण आहे आणि मी त्याचे सोपे उत्तर देणार नाही. पण येथे प्रश्न आठ वर्षांच्या मुलीच्या पुढच्या साठ वर्षांचा आणि नऊ कुप्यांचा आहे. वेळेवर न दिलेल्या कुप्यांचा खर्च वाचत नाही. तो अतिदक्षता विभागाच्या बिलात आणि आईच्या सुटलेल्या नोकरीत जातो. तेथे तो शासनाच्या कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, इतकेच.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही मांडले पाहिजे. लेखापरीक्षकाचा संशय पोकळ नसतो. इम्युनोग्लोब्युलिन हे माणसांनी दिलेल्या रक्तातून, हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून बनते. ते कारखान्यात वाटेल तेवढे काढता येत नाही. महागडे असल्यामुळे नको तेथे वापरण्याचा मोहही असतो. रक्तात अल्प प्रमाणात प्रतिपिंड सापडले म्हणून प्रत्येक चंचल मुलाला मेंदूदाहाचे लेबल लावणे हेही घडते, आणि त्या मुलांना जड औषधांचा त्रास होतो. म्हणून मी दार सताड उघडे ठेवा असे म्हणत नाही. दारावर लिपिकाऐवजी जाणकार बसवा आणि त्याला घड्याळ द्या, असे म्हणतो. ब्रिटनने २००८ साली या औषधासाठी वापरांची रंगांनुसार विभागणी केली : जेथे जीव धोक्यात आहे ते लाल, आणि टंचाई आली तरी त्यांचा साठा राखून ठेवायचा, जेथे पुरावा कमी आहे ते करडे, त्यांना समितीची संमती लागते. प्रत्येक वापराची नोंद होते. काटकसर आणि तातडी एकाच कागदावर बसू शकतात.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाळे उभे राहिले. लहान शहरातील डॉक्टर आपला अवघड रुग्ण त्या जाळ्यातल्या तज्ज्ञांपुढे दूरदृश्य पद्धतीने मांडतो. सदस्य रुग्णालये औषधांची एकत्रित खरेदी करून भाव पाडतात. मुलांच्या या आजारांसाठी तसेच जाळे का नसावे? बंगळुरूचे निम्हान्स, तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा, दिल्ली आणि चंडीगढच्या संस्था यांनी आळीपाळीने रोज चोवीस तास एक दूरध्वनी उचलायचा. जिल्ह्याच्या बालरोगतज्ज्ञाने मुलाची हालचाल भ्रमणध्वनीवर चित्रित करून पाठवायची. ‘संभाव्य’ असा शेरा त्या तज्ज्ञाने दिला की तीच मंजुरी समजायची. लेखापरीक्षण नंतर, कार्योत्तर, अगदी कडक करायचे. डॉक्टरांनी एकमेकांशी बोलण्याची सोय २०१९ सालच्या ई-संजीवनीत आहेच. रिटुक्सिमॅबचे जगातील पहिले तुल्य औषध २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने बाजारात आणले. प्लाझ्मा एक्स्चेंजचे यंत्र महाग आहे आणि दहा किलोच्या मुलात त्याला विशेष कौशल्य लागते, कारण त्या मुलाच्या अंगात रक्तच आठशे मिलिलिटरच्या आसपास असते आणि त्यातला मोठा भाग नळ्यांत अडकतो. पण ढाक्याच्या संशोधकांनी २०१८ साली यंत्राशिवाय, थोडे थोडे रक्त काढून रक्तद्रव वेगळा करण्याची साधी पद्धत गियाँ-बारेच्या वीस प्रौढ रुग्णांवर वापरून ती सुरक्षित असल्याचे दाखविले. मुलांसाठी तिची चाचणी आपल्याकडे व्हावी. राज्यागणिक एका वैद्यकीय महाविद्यालयात शंभरएक कुप्यांचा फिरता साठा ठेवणे, मुदत संपायच्या आधी तो दुसरीकडे वापरून नवा भरणे, हे काम जिल्ह्याच्या औषधभांडारपालाला शिकवावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र दूरध्वनीवर होत नाही. ती म्हणजे नंतरची वर्षे. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्यागणिक शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना आहे : एका छपराखाली फिजिओथेरपी, वाचा-उपचार, मानसतज्ज्ञ. मेंदूदाहातून उठलेल्या मुलाला नेमके हेच हवे असते, आणि ते त्याच्या भाषेत हवे असते. निम्हान्समध्ये सोलापूर-बेळगावकडचे एक कुटुंब भेटले होते. सहा वर्षांच्या मुलाचे बोलणे परत येत होते, पण चाचणीची चित्रे दाखवून विचारणारी मुलगी कन्नड आणि इंग्रजी जाणणारी. मूल ‘उखळ’ म्हणाले, तिने चूक म्हणून खूण केली. आजीने हटकले म्हणून ती खूण खोडली गेली. घरापासून दूर उपचार घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मुलाच्या बोलण्यातला बदल आधी घरच्यांनाच कळतो. डॉक्टरला आपली भाषा येत नसेल तर तो बदल दोन-चार उदाहरणांसह कागदावर लिहून न्यावा.

आमच्या लेखापालांची मुलगी वाचली. नऊ दिवसांनी व्हेंटिलेटर निघाला, चार महिन्यांनी ती चालू लागली, दीड वर्षाने शाळेत परतली. आता एकोणीस-वीस वर्षांची आहे. हसते, गाते, स्वयंपाक करते. दोन आकडी संख्यांची बेरीज तिला कागदाशिवाय येत नाही आणि सकाळी वाचलेले संध्याकाळी राहत नाही. मी त्या तरुण डॉक्टरला, तो आता एका मोठ्या संस्थेत आहे, एकदा स्पष्ट विचारले की माझ्या अकरा दिवसांचा यात किती वाटा. तो म्हणाला, “सर, हे कोणालाच सांगता येणार नाही.” त्याने ते माझी समजूत घालण्यासाठी म्हटले की खरेच तसे आहे, हे मी विचारले नाही.

गेल्या वर्षी तिचे वडील निवृत्त झाले. त्यांचा फोन आला तो अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी. २०१६ च्या कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार समाविष्ट आहेत, पण सवलतींसाठी चाळीस टक्के लागतात, आणि मंडळाने तिला तीस टक्के दिले होते. चालते, बोलते, मग आणखी काय, असे तेथील एका सदस्याने विचारले म्हणे. मी त्यांना स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी करून पुनर्तपासणीचा अर्ज करायला सांगितले आणि अर्जाचा मसुदा तयार करून पाठविला. सोबत २०१४ च्या मंजुरीची प्रत जोडायला हवी होती. ती त्यांनी जपून ठेवली होती. पूर्ण टिपणी-भाग होता, माझ्या शेऱ्यासह.